बंद करताना पेट्रोलवर

गेल्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून गेला आणि आठवड्याभरात वाडीतलं गवत गुडघ्याला लागलं. शनिवारी सकाळी ब्रशकटर बाहेर काढला. टाकीत मागच्या वर्षीचं थोडं पेट्रोल होतं, त्यातच नवं ओतलं आणि दोरी ओढली. तीस-चाळीस वेळा ओढली. खांदा भरून आला. यंत्र एकदा खोकलं, तेवढंच. बाबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी ठेवताना टाकी रिकामी केली होतीस?"

केली नव्हती.

आमचं गाव गास. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला, निर्मळ आणि भुईगावच्या शेजारी. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट सॉफ्टवेअरवर. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं हेच झालं. पण घरात डिग्रीची आठवण अजून आहे, त्यामुळे मिक्सरपासून ब्रशकटरपर्यंत जे काही बंद पडतं ते माझ्याकडे येतं. वाडी वीस गुंठ्यांची. तिला वाडी म्हणायचं ते सवयीने. केळीची पंचवीसेक खुंटं, नारळ, आईची अळवाची वाफे, एक विहीर आणि मागच्या कोपऱ्यात बुजत चाललेलं बावखल. बाकी सगळं गवत. म्हणजे सध्या आमच्या वाडीतलं सर्वांत महत्त्वाचं यंत्र हे काही पिकवायचं नाही, उगवलेलं कापायचं आहे.

ब्रशकटर घेऊन नालासोपाऱ्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोरी ओढूनही पाहिली नाही. "कार्बोरेटर गेला. नवा टाका, साडेपाचशे." उघडून साफ नाही का होणार, असं विचारल्यावर तो हसला. "उघडायचे पैसे त्याहून जास्त होतील." हिशेब बरोबर होता. तरी मी ते यंत्र परत घरी आणलं. काहीसा हट्ट, काहीशी चार वर्षांच्या फीची लाज.

या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलसारखा तरंगता फ्लोट नसतो. ब्रशकटर हातात वाकडातिकडा होतो, फ्लोट असता तर पेट्रोल भलतीकडेच गेलं असतं. त्याऐवजी टपालाच्या तिकिटाएवढे दोन पातळ पडदे असतात. त्यांतला एक इंजिनच्या पोटातल्या दाबाच्या चढउतारावर धडधडतो आणि पेट्रोल ओढून घेतो. दुसरा ते मोजून आत सोडतो. हे पडदे मऊ असतात तोवर यंत्र चालतं. माझ्या यंत्रातले भाजलेल्या पापडासारखे कडक झाले होते. पेट्रोलची नळी चिकट झाली होती आणि धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती.

याला जबाबदार मी, आणि थोडं पेट्रोलही. आपल्याकडे पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ च्या मध्यापर्यंत दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी आठ महिने ठेवली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला आणि ॲल्युमिनियमला खातात. गंमत अशी की यातलं बरंचसं इथेनॉल उसाचं. १८८२ सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीत केळीबरोबर ऊसही नोंदवलेला आहे. इथून ऊस केव्हाच गेला, तो आता टाकीतून परत आलाय.

मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून सुटे भाग मांडत होतो तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्या आज्याचा नियम होता. बंद करताना पेट्रोलवर." आणि ते उठून गोठ्यात गेले. गोठ्यात गुरं नाहीत, तिथे जुनं सामान असतं. सामानाच्या खाली, गोणपाटाखाली, आजाचं इंजिन होतं. मी ते लहानपणापासून बघत आलो होतो आणि कधीच बघितलं नव्हतं.

ते पेट्रोल-घासलेटवर चालणारं छोटं इंजिन आहे, विलियर्स जातीचं. विलियर्स ही मूळची इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनची कंपनी. ती बंद झाली तरी भारतातल्या शेतांवर तिच्या घडणीची इंजिनं पुढे कितीतरी वर्षं चालत राहिली. याला दोन टाक्या असतात, एक छोटी पेट्रोलची, एक मोठी घासलेटची. थंड इंजिनात घासलेटाची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर करायची. पुलीला दोरी गुंडाळून ओढायची, इंजिन तापलं की खटका फिरवून घासलेटवर न्यायचं. घासलेट पेट्रोलच्या मानाने स्वस्त होतं. रेशनचं असेल तर निळ्या रंगाचं, कारण भेसळ ओळखता यावी म्हणून सरकार त्यात रंग घालायचं. आणि पाणी देऊन झालं की लगेच बंद करायचं नाही. आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, मिनिट-दोन मिनिटं चालवायचं, कार्बोरेटरमधलं घासलेट संपू द्यायचं. मग बंद. विसरलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे कार्बोरेटरमध्ये घासलेट असणार आणि इंजिन चालू होणार नाही.

म्हणजे आजच बंद करताना उद्याच्या चालू करण्याचा विचार. माझ्या कामात याला फार मोठी इंग्रजी नावं आहेत. आजा चौथी शिकलेला होता.

बाकीची निगाही तशीच होती. घासलेट पूर्ण न जळता खाली ऑइलमध्ये झिरपतं, त्यामुळे ऑइलची पातळी कमी न होता वाढते आणि नवख्याला वाटतं, वा, इंजिन ऑइल खातच नाही! खरं तर ते पातळ होऊन बेअरिंग खात असतं. आजा ऑइल दोन बोटांत चोळून बघायचा. मॅग्नेटोचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, सिलिंडरच्या डोक्यावरची काजळी खरवडायची, विहिरीतला फूटव्हॉल्व्ह गळत असला की रोज सकाळी पंपात बादलीने पाणी भरायचं. गोठ्यात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. त्यात झिजलेले पॉइंट, जेट, प्लग आणि चामड्याचे वायसर होते. काहीच फेकलेलं नव्हतं.

इंजिन आलं साधारण १९६८ मध्ये. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. त्याच्याआधी रहाट होता, आणि बाबांना तो फिरताना आठवतो, पण जेमतेम. लाकडी चाक, त्यावर काथ्याच्या दोरांची माळ, माळेला बांधलेली मातीची गाडगी. रेडा गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पन्हळीत ओतून पुन्हा खाली जायची. रहाटाला रोज काहीतरी व्हायचं. गाडगं फुटायचं, दोर कुजायचा, चाकाचा दात मोडायचा. पण जे मोडायचं ते गावातच दुरुस्त व्हायचं: कुंभाराकडे, सुताराकडे किंवा घरच्या घरी.

इथे हळवं व्हायला जागा आहे, आणि वसईबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथे होतातच. मला ते जमत नाही, कारण मी आत्याला विचारलं. रेडा आपणहून फिरत नाही. त्याच्यामागे कुणीतरी बसावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे घरातली पोरगी. आत्या पहाटे चारला उठून रेड्यामागे बसायची आणि तिसरीनंतर शाळेत गेली नाही. बाबा तिच्याहून आठ वर्षांनी धाकटे. त्यांच्या वाट्याला रेडा आला नाही, इंजिन आलं. ते मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, आणि त्यांच्या पगारावर मी इंजिनिअर झालो. तेव्हा रहाटाच्या कुरकुरीचं संगीत वगैरे मी आत्यासमोर तरी बोलणार नाही.

यंत्रांच्या या प्रवासात इंग्लंडमधलं एक छोटं गाव दोनदा येतं. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव सारखी कापायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र असे. ते बघून एडविन बडिंग नावाच्या कारागिराला सुचलं, की याने गवतही कापता येईल. १८३० मध्ये त्याने गवत कापण्याच्या पहिल्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोवर हिरवळ राखायला विळे किंवा मेंढ्या लागत. बडिंग पुढे जवळच्याच डर्सली गावात जॉर्ज लिस्टरकडे काम करू लागला. त्याच लिस्टर घराण्याच्या कारखान्याने पुढे शेतीची इंजिनं काढली. १९२९ च्या सुमाराचं त्यांचं संथ, जड, दोन मोठ्या चाकांचं डिझेल इंजिन भारतात इतकं रुजलं, की राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला बनवल्या आणि आजही बाजारात 'लिस्टर टाइप' म्हटलं की लोकांना कळतं. आमच्या भागातल्या मोठ्या वाड्यांत ही होती. बाबा म्हणतात, आवाजावरून कुणाचं इंजिन चाललंय ते सांगता यायचं. पाणी काढणारं आणि गवत कापणारं, दोन्ही यंत्रांच्या कुळकथेत डर्सली आहे.

बाकी माझ्या ब्रशकटरचे इतर पूर्वज विखुरलेले. इंजिनच्या पोटाचाच पंप म्हणून उपयोग करण्याची टू-स्ट्रोकची युक्ती जोसेफ डेने बाथ शहरात १८९१ च्या सुमारास पक्की केली. फिरत्या नायलॉनच्या दोरीने गवत कापायची कल्पना ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसची. गाडी धुण्याच्या केंद्रातले गरगर फिरणारे ब्रश बघून त्याने १९७१ मध्ये पॉपकॉर्नच्या डब्यात मासेमारीची तार ओवून प्रयोग केला. त्याला झाडांच्या बुंध्यालगतचं गवत खोडाला इजा न करता कापायचं होतं.

महाराष्ट्रातली बाजू अर्थातच किर्लोस्करांची. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी वसवली. सुरुवातीला त्यांचे लोखंडी नांगर कुणी घेईना, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. मग उसाचे चरक आले, पंप आले, आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना. तिकडे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन बनवलं होतं. लोकांना यंत्रं विकायची तर ती कशी वापरायची, काय बिघडतं, सुटा भाग कुठे मिळतो हेही सांगावं लागतं. त्यासाठी किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, आणि कारखान्याच्या या पत्राचं पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. मराठी साहित्याच्या इतिहासात नांगराच्या फाळाला जागा द्यायला हवी ती अशी.

तर इंजिन आलं, मुली मोकळ्या झाल्या, केळी वाढली. मग बिघडलं काय?

इथे बावखलाकडे यावं लागतं. वसईच्या बाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं लहान तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि उन्हाळ्यात खालून झरून परत वर येतं. आमचा रहाट विहिरीवर नव्हता, बावखलाच्या काठावर होता. रहाटाची माळ जेवढी लांब तेवढंच पाणी. पाणी खाली गेलं तर माळ वाढवावी लागते, गाडगी वाढतात, रेड्याला ओढवत नाही. म्हणून दर मे महिन्यात बावखलातला गाळ काढणं भाग होतं. सगळं घर चिखलात उतरायचं, शेजारचे यायचे, आणि तो काळा गाळ केळीच्या बुडात पडायचा. गाळ काढणं हा पर्यावरणाचा विचार नव्हता. ती रहाटाची दुरुस्तीच होती.

इंजिनला याची गरज नव्हती. पाणी खाली गेलं, पाइप वाढवा. पंप वरून हवेच्या दाबाने पाणी ओढतो, त्यामुळे सहा-सात मीटरच्या पलीकडे त्याचं चालत नाही. मग लोकांनी इंजिनच विहिरीत टप्पा बांधून खाली उतरवलं. ते जिवाशी खेळणं होतं, कारण विहिरीत धूर कोंडतो. नंतर विजेची मोटर आली, पुढे पाण्यात बुडणारी, आणि तीही अडचण संपली. आजाने इंजिन एका दिवसासाठीही आजारी पडू दिलं नाही. पण इंजिन आल्यावर चार-पाच वर्षांत बावखलातला गाळ काढणं बंद झालं. बाबांना शेवटचा गाळ आठवतो. त्यानंतर 'पुढच्या वर्षी काढू' आठवतं. निगा तीच, माणूस तोच. ती पाण्यावरून उठून यंत्रावर जाऊन बसली.

आणि वसईत हे महाग पडणार होतं. आमची पट्टी रेताड. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. अशा जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाडोन गायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये जर्मनीतल्या हर्झबर्गने स्वतंत्रपणे याचा हिशेब मांडला. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली ते साधारण चाळीस फूट असतं. हा हिशेब उलटा वाचला की अंगावर काटा येतो: वरची पातळी उपसून एक फूट उतरवली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर येऊ शकतं. एका रेड्याची ताकद अर्धा-पाऊण हॉर्सपॉवर, आणि तो दुपारी दमतो. हा दम हाच त्या पाण्याचा पहारेकरी होता. इंजिन दमत नाही.

१९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी टँकर आले. इमारती वाढत होत्या, पाण्याची योजना पुरेशी नव्हती, आणि वसईच्या वाड्यांतल्या विहिरींचं पाणी विकलं जाऊ लागलं. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभं केलं. 'सुवार्ता' मासिकाचे तेव्हाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या पुढे होते. मराठी वाचकांना ते २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत असतात, आमच्याकडे ते आधी पाण्याचे. आमच्या घरात या विषयावर बोलताना टँकरवाल्यांना शिव्या पडतात आणि त्या रास्त आहेत. पण मी बाबांना विचारलं, विहीर पहिल्यांदा मचूळ कधी लागली? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पानवेल गेली त्या उन्हाळ्यात. पानवेलीला खारं अजिबात सोसत नाही. आणि पानवेल गेली तेव्हा आमच्या भागात टँकर यायला अजून पाच-सहा वर्षं होती.

आजाला हे कळलं होतं का? बाबा म्हणतात, कळलं असेल, बोलला नाही. त्याने विजेची मोटर बसवल्यावरही इंजिन विकलं नाही, दर महिन्याला एकदा चालू करायचा, दहा मिनिटं, पंपाला न जोडता. २०१६ पासून सरकार घासलेटावरचं अनुदान हळूहळू काढत गेलं, तोवर आजाही गेला होता. गोठ्यातल्या इंजिनची दोरी मी ओढून पाहिली. ते जाम झालेलं नाही, मोकळं फिरतं. मोठी टाकी कोरडी होती. छोट्या टाकीच्या तळाला वाळलेल्या वार्निशासारखा पिवळा थर होता. म्हणजे शेवटच्या वेळीही त्याने ते पेट्रोलवरच बंद केलं होतं.

ब्रशकटरचे पडदे मला शेवटी मिळाले, दोन्ही मिळून नव्वद रुपयांना. नळी बदलली, जेटमधून साबणाचं नाही, कार्बोरेटर साफ करायचं द्रावण मारलं, प्लगची फट पातीने मोजून बसवली, सायलेन्सरच्या जाळीतली काजळी जाळून काढली. ती जाळी तुंबली की यंत्र चालतं पण ताकद येत नाही, आणि लोक उगाच कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. लिटरला चाळीस मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून ताजं पेट्रोल बनवलं. तिसऱ्या ओढीला यंत्र चालू झालं. बाबांनी पेपर खाली ठेवला, माझ्या दृष्टीने हीच पदवी.

गवत पुढून कापत मागे गेलो. आमच्या शेजारच्या दोन वाड्यांतली बावखलं डेब्रिज टाकून भरून झाली आहेत, तिथे आता काहीच उगवत नाही, त्यामुळे ब्रशकटरही लागत नाही. आमच्यासाठीही विचारणा झाली आहे. भराव तेच टाकणार, फुकट, वर पैसे देणार. आई म्हणते डास तरी कमी होतील. बाबा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. जेसीबीने गाळ काढायला किती लागतील ते मी विचारून ठेवलंय. जेसीबी आत यायचा तर केळीची सहा खुंटं काढावी लागतील.

बावखलाच्या काठावर घाणेरी आणि वेलींचं रान माजलं होतं. नायलॉनची दोरी तिथे पुरत नाही, पातं लावावं लागतं, पण मी आळस केला. अर्धा काठ मोकळा झाला आणि खटकन आवाज येऊन दोरी तुटली. खाली दगड होता. घडीव दगड, त्यात लाकडाचा दांडा बसेल एवढा गोल खड्डा. दुसरा तसाच समोर, दोन हातांवर. मी यंत्र बंद करून बाबांना हाक मारली. ते आले, चपला काढून काठावर उतरले आणि माती हाताने बाजूला करू लागले. दगडाच्या बुडाशी खापऱ्या होत्या, पुष्कळ, फुटलेल्या गाडग्यांच्या. त्यांनी एक उचलून धोतऱ्याच्या पानाने पुसली. गळ्याशी दोर बसायची खोबण होती.

"दोरी आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं रहाटाची. ते ब्रशकटरबद्दल विचारत होते. अर्धा काठ राहिला होता.